मूर्खाला उत्तर द्यावे की देऊ नये?

आजचे वाचन : नीतिसूत्रे २६:१-१२; ईयोब १३:७-१२; यहेज्केल १८:१-२०



आजच्या अध्यायातली चौथी आणि पाचवी ओवी जरा सावकाश वाचा. चौथी म्हणते, मूर्खाशी त्याच्या मूर्खपणाच्या पातळीवर उतरून बोलू नका, नाहीतर तुम्हीही त्याच्यासारखेच व्हाल. पाचवी म्हणते, त्याच्या मूर्खपणाला साजेसं उत्तर द्या, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजायला लागेल. आता सांगा, मूर्खाला उत्तर द्यायचं की नाही द्यायचं?

दोन परस्परविरोधी वचनं दोन वेगळ्या पुस्तकांत असती, त्यांच्यात पाचशे वर्षांचं अंतर असतं, तर आपण म्हटलं असतं की एका लेखकाला दुसऱ्याचं माहीत नसेल. पण ही दोन वचनं एकाखाली एक आहेत. २५ व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात लिहिलं आहे की शलमोनाची ही नीतिसूत्रं हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून काढली. म्हणजे कोणीतरी लेखनिक बसला, त्यानं चौथं वचन लिहिलं, शाई वाळायच्या आत पाचवं लिहिलं. त्याला विरोध दिसला नसेल का? दिसला असणारच. तरी त्यानं दोन्ही ठेवली, आणि शेजारी शेजारी ठेवली.

पुढे यहूदी शास्त्र्यांनाही हे खटकलं. तालमूदमध्ये नोंद आहे की एके काळी नीतिसूत्रांचं पुस्तक वाचनातून बाजूला ठेवावं असा विचार झाला होता, आणि कारण म्हणून हीच दोन वचनं दिली आहेत. शेवटी त्यांनी तोड काढली, ती अशी की एक वचन नियमशास्त्राच्या विषयाला लागू आहे, दुसरं रोजच्या व्यवहाराला. त्यांची तोड तुम्हाला पटो न पटो, त्यांनी एक वचन खोडून टाकलं नाही हे महत्त्वाचं. यहेज्केलाचं पुस्तकही असंच अडचणीत आलं होतं, कारण त्यातल्या काही गोष्टी मोशेच्या नियमशास्त्राशी जुळत नव्हत्या. तेव्हा हनन्या बेन हिज्कीया नावाच्या गुरूंनी ३०० मापं तेल मागवलं, माडीवर जाऊन बसले, आणि दिव्याच्या उजेडात मेळ बसेपर्यंत उठले नाहीत. ३०० मापं तेल जाळायची तयारी! आपण दोन मिनिटांत मोबाईलवर उत्तर शोधतो आणि सापडलं नाही की एकतर विश्वास सोडतो किंवा प्रश्न सोडतो.

आज आपल्या घरांत हेच होताना दिसतं. कॉलेजात जाणारा मुलगा कुठूनतरी विसंगतींची एक लांबलचक यादी घेऊन येतो. घरातली मोठी माणसं घाबरतात, "असले प्रश्न विचारू नयेत, पाप लागतं" म्हणतात. मुलाला वाटतं, यांच्याकडे उत्तर नाही. आणि खरं सांगायचं तर यादी करणारा आणि प्रश्न दाबणारा, दोघंही पवित्र शास्त्राकडे रेल्वेच्या वेळापत्रकासारखं बघत असतात. एका ठिकाणी ७:१० आणि दुसऱ्या ठिकाणी ७:४० छापलं असेल तर वेळापत्रक चुकलं. एक जण म्हणतो चुकलं आहे, दुसरा म्हणतो बघूच नकोस.

पण प्रियांनो, सगळ्या विसंगती एकाच जातीच्या नसतात. ताप आणि मोडलेलं हाड यांना एकच औषध चालत नाही.

काही विसंगती फक्त आकड्यांच्या आहेत. यहोयाखीन राजा गादीवर आला तेव्हा २ राजे २४:८ प्रमाणे तो १८ वर्षांचा होता. २ इतिहास ३६:९ च्या प्रचलित हिब्रू पाठात तो ८ वर्षांचा आहे. शलमोनाच्या घोड्यांची ठाणी १ राजे ४:२६ मध्ये ४०,००० आहेत आणि २ इतिहास ९:२५ मध्ये ४,०००. हाताने नकला करण्याच्या काळात आकडा गळणं किंवा वाढणं काही नवल नाही. यहोयाखीनाच्या बाबतीत तर काही जुन्या प्रतींत आणि भाषांतरांत दुसऱ्या ठिकाणीही १८ च आहे. इथे नकलेची चूक झालेली दिसते असं म्हणायला विश्वास कमी पडत नाही. संत ऑगस्टीननं जेरोमला लिहिलेल्या पत्रात साधारण हेच म्हटलं होतं की शास्त्रात काही खटकलं तर एकतर प्रत चुकीची असेल, किंवा भाषांतर करणाऱ्याला अर्थ लागला नसेल, किंवा मला समजलं नसेल. त्यानं तिन्ही शक्यता उघड्या ठेवल्या.

काही विसंगती साक्षीदारांच्या आहेत. यहूदा इस्कर्योताचा शेवट मत्तय एक प्रकारे सांगतो (२७:५), प्रेषितांची कृत्ये दुसऱ्या प्रकारे (१:१८). मत्तयात त्यानं गळफास घेतला, कृत्यांत तो खाली पडून त्याचं पोट फुटलं. मत्तयात ते शेत याजकांनी विकत घेतलं, कृत्यांत ते त्यानंच मिळवलं असं म्हटलं आहे. दोर तुटला आणि तो पडला, असा मेळ पुष्कळ जण घालतात. तसं घडलं असू शकेल, पण दोर तुटला असं कुठल्याही शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. म्हणून हा मेळ "शक्य आहे" इतकंच म्हणून थांबावं, त्याला वचनाच्या पंगतीत बसवू नये.

चार शुभवर्तमानांचं एक करून टाकण्याचा प्रयत्नही मंडळीच्या इतिहासात होऊन गेला आहे. सुमारे इ. स. १७० मध्ये तातियान नावाच्या विद्वानानं चारही शुभवर्तमानं विणून एकच सलग वृत्तांत तयार केला. सिरियाकडच्या मंडळ्यांत तो पुष्कळ काळ वाचला गेला. सोयीचा होता, कुठे काही खटकत नव्हतं. पण पाचव्या शतकात बिशप थिओडोरेट यांनी आपल्या भागातल्या मंडळ्यांतून त्याच्या २०० हून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी पुन्हा चार शुभवर्तमानं दिली. जुळवून घेतलेल्या एका गोष्टीपेक्षा न जुळणाऱ्या चार साक्षी मंडळीनं पत्करल्या. मला यात मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

आणि मग तिसऱ्या प्रकारच्या विसंगती येतात. त्या शिकवणीच्या आहेत, माणसाच्या जिवाशी भिडणाऱ्या आहेत. मला आज त्यांच्याविषयीच जास्त बोलायचं आहे.

आमच्या घरगुती प्रार्थनेला एक ताई येतात. त्यांच्या मुलाचा डावा पाय जन्मापासून अधू आहे. बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी त्यांना सांगितलं होतं की हा पूर्वजांच्या पापाचा शाप आहे, आणि निर्गम २०:५ उघडून दाखवलं होतं. तिथे परमेश्वर म्हणतो की वडिलांच्या अन्यायाचं शासन तो मुलांना तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत करतो. ताई घरी गेल्या. पुढे रोजच्या वाचनात यहेज्केल १८ आलं. तिथे परमेश्वर म्हणतो की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. त्या दोन्ही ठिकाणी कागदाच्या चिठ्ठ्या घालून पुस्तक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादा, दोन्ही देवानंच सांगितलंय ना? मग माझ्या पोराला कुठलं लागू?"

या प्रश्नात वादविवादाची हौस नव्हती. एका आईची रात्रीची झोप होती. तिला "असले प्रश्न विचारू नका" म्हणणं म्हणजे तिच्या गळ्यात धोंडा तसाच ठेवणं. आणि "बघा, बायबलमध्ये काहीच धड नाही" म्हणणं म्हणजे तिच्या हातातली काठीही काढून घेणं.

आम्ही दोन्ही उतारे पुन्हा वाचले. निर्गमातलं वचन मूर्तिपूजेच्या मनाईबरोबर आलं आहे. ते कोणाला सांगितलं आहे? जो उद्या मूर्ती करून घरात बसवणार आहे त्याला, म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाला. त्या काळी एका छपराखाली आजोबा, बाप, मुलगा, नातू अशा तीन-चार पिढ्या नांदत. कर्त्या माणसाला देव बजावतो की बाबा रे, तू जे करशील ते तुझ्यापाशी थांबणार नाही, हे सगळं घर ते भोगेल. आणि लगेच पुढच्या वचनात दया हजारांपर्यंत जाते. शासन चार पिढ्या, दया हजारांवर. उपदेशकांनी तेवढं पुढचं वचन वाचलं नव्हतं.

यहेज्केल कोणाशी बोलतो आहे? इ. स. पू. ५९७ मध्ये यहोयाखीन राजाबरोबर जे लोक बाबेलला धरून नेले गेले, त्यांच्यात हा संदेष्टा होता. त्या लोकांत एक म्हण पडली होती की आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. म्हणजे आमचं काही चुकलं नाही, आमच्या हातात काही उरलंही नाही, जे व्हायचं ते बापांनी करून ठेवलं. या लोकांना देव सांगतो की ही म्हण आता पुरे. मुलगा बापाच्या पापासाठी मरणार नाही.

निर्गमातलं वचन बापाला सांगितलं आहे, यहेज्केलातलं मुलाला. बापानं यहेज्केल १८ हातात धरून "माझ्या पापाचं माझ्या मुलांना काही होणार नाही" म्हणायचं नाही. आणि मुलाच्या डोक्यावर निर्गम २० आपटायचं नाही. मोशेच्या नियमशास्त्रातच अनुवाद २४:१६ मध्ये हुकूम आहे की बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारू नये, आणि अमस्या राजानं याच हुकुमाला मान देऊन आपल्या बापाच्या मारेकऱ्यांच्या मुलांना जिवंत ठेवलं (२ राजे १४:६). म्हणजे निर्गमातलं वचन घेऊन माणसांनी मुलांना शिक्षा देत सुटू नये, हे इस्राएलाला आधीपासून माहीत होतं. आणि योहान ९ मध्ये जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी जेव्हा विचारलं की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं, तेव्हा प्रभूनं दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाकडे वळून त्याच्या डोळ्यांना हात लावला.

ताई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सासऱ्यांनी दारूपायी जमीन विकली, ते आम्ही भोगतोय, हे खरंच आहे. पण पोराचा पाय त्यात नाही." इतकी नेटकी मांडणी मला जमली नसती. परिणाम पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, दोष उतरत नाही, हे त्यांनी आपल्या सासरच्या सातबाऱ्यावरून सांगितलं.

आता आजच्या वाचनातल्या नवव्या वचनाकडे या. मूर्खाच्या तोंडचं नीतिसूत्र म्हणजे दारुड्याच्या हातातली काटेरी फांदी, अशा अर्थाची उपमा तिथे आहे. त्या दोन विरोधी वचनांपासून चारच ओळी खाली! नीतिसूत्र खरं असू शकतं, फांदीही खरी असते, पण ती कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या अंगावर पडते आहे यावर सगळं अवलंबून आहे. आपल्या मराठीतही "मोडेन पण वाकणार नाही" आहे आणि "अडला हरी गाढवाचे पाय धरी" हेही आहे. एकच आजी दोन्ही म्हणी सांगते. कोणती कधी सांगायची हे तिला कळतं, म्हणून तिला आपण शहाणी म्हणतो.

ईयोबाचे मित्र काय चुकले? अलीफज, बिल्दद, सोफर यांची भाषणं वाचा. देव न्यायी आहे, दुष्टाला शासन होतं, नम्र झालं तर तो उठवतो. यातलं पुष्कळ काही स्तोत्रांत आणि नीतिसूत्रांतही सापडतं. अलीफजाचं एक वाक्य (ईयोब ५:१३) तर पौलानं १ करिंथ ३:१९ मध्ये शास्त्रवचन म्हणून घेतलं आहे. तरी शेवटी परमेश्वर अलीफजालाच म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत (४२:७). विचार करा. ज्याचं वाक्य पौलानं उचललं, त्याच्यावर देवाचा राग पेटला. वाक्य बरोबर होतं. पण ते राखेत बसलेल्या, दहा लेकरं गमावलेल्या माणसाला मारायला वापरलं होतं.

आणि १३ व्या अध्यायात ईयोब मित्रांना जे विचारतो, ते प्रत्येक उपदेशकानं, प्रत्येक संडे स्कूल शिक्षकानं, आणि माझ्यासारख्या रोज मनन लिहिणाऱ्यानंही समोर ठेवावं. तो विचारतो की तुम्ही देवाच्या वतीनं खोटं बोलणार का? त्याची बाजू घ्यायची म्हणून पक्षपात करणार का? तो तुमची झडती घेईल तेव्हा बरं वाटेल का? प्रियांनो, देवाला आपल्या लबाडीची गरज नाही. एखाद्या वचनाचा मेळ लागत नसेल आणि मी ओढूनताणून लावला, समोरच्याला गप्प केलं, तर देवाचा मान वाढला असं नाही. समोरच्याला इतकंच कळलं की विश्वासणारी माणसं अडचणीत आली की शब्द फिरवतात.

याच्या उलट टोकाचा मोहही आहे. न पटणारं वचन कापून टाकणं. दुसऱ्या शतकात मार्सियोननं तेच केलं. जुन्या करारातला देव आणि येशूचा पिता एक असूच शकत नाहीत म्हणून त्यानं जुना करार सगळाच टाकला, आणि लूकाचं शुभवर्तमानही छाटून घेतलं. मंडळीनं इ. स. १४४ मध्ये त्याला नाकारलं. मार्टिन ल्यूथरलाही याकोबाचं पत्र जड गेलं. विश्वासानंच नीतिमान ठरतो असं पौल अब्राहामाचं उदाहरण देऊन सांगतो, आणि याकोब त्याच अब्राहामाचं उदाहरण देऊन म्हणतो की केवळ विश्वासानं नव्हे, तर कृतींनी. १५२२ च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत ल्यूथरनं याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं. पण त्यानं ते पत्र फाडून टाकलं नाही. भाषांतर केलं, छापलं, शेवटाकडे ठेवलं. म्हणूनच आज कोणी "माझा विश्वास आहे" म्हणून उपाशी भावाला कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावतो, तेव्हा याकोब त्याला अडवायला जागेवर हजर असतो. आणि कोणी आपली चांगली कामं मोजत देवाच्या दारात हिशेब मांडतो, तेव्हा पौल हजर असतो.

कोणी म्हणेल, मग काय, ज्याला जे सोयीचं ते वचन त्यानं घ्यावं? नाही. इथे प्रभूचाच कित्ता आपल्याला आहे. मत्तय ४ मध्ये सैतान त्याला मंदिराच्या शिरावर उभं करतो आणि चक्क स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो. वचन खोटं नव्हतं. येशूनं ते वचन नाकारलं नाही, त्यात दोष काढला नाही. हेही लिहिलेलं आहे, असं म्हणून त्यानं अनुवाद ६:१६ शेजारी ठेवलं, की देवाची परीक्षा पाहू नये. एका वचनानं दुसरं खोडलं गेलं नाही. दुसऱ्यानं पहिल्याची जागा दाखवली. आणि बघा, त्यानं निवडलेलं वचन त्याच्या सोयीचं नव्हतं. सोयीचं तर सैतानानं पुढे केलेलं होतं.

मला यात एक कसोटी दिसते. दोन वचनांपैकी ज्यानं माझी सुटका होते आणि दुसऱ्यावर ओझं पडतं, ते वचन मी आधी घेतो आहे का? बाप असताना यहेज्केल आणि दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोलताना निर्गम, असं तर होत नाही ना? स्वतःच्या आळसाला पौल आणि शेजाऱ्याच्या चुकीला याकोब? ऑगस्टीननं दुसऱ्या एका ग्रंथात लिहिलं आहे की शास्त्राचा जो अर्थ लावल्यानं देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलं नाही. पण तो तिथेच थांबत नाही. प्रीती वाढवणारा अर्थ जरी लावला, पण लेखकाच्या म्हणण्यापासून ढळला, तरी त्या माणसाला मार्ग दाखवावा, कारण वाट सोडून चालायची सवय लागली तर एक दिवस तो भलतीकडे जाईल, असंही तो म्हणतो. प्रीती आणि अभ्यास, दोन्ही लागतात.

म्हणून या आठवड्यात घरातल्या तरुणानं विसंगतीचा प्रश्न आणला तर घाबरू नका. त्याच्या शेजारी बसा. दोन्ही उतारे उघडा. हा प्रश्न आकड्याचा आहे, साक्षीदाराचा आहे की शिकवणीचा, ते आधी पाहा. शिकवणीचा असेल तर वचन कोणाला आणि कोणत्या वेळी सांगितलं, हे दोघं मिळून शोधा. आगेमागची दहा वचनं वाचा. एवढं करूनही मेळ लागला नाही तर चिठ्ठी घालून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसा. हनन्या गुरूंचं ३०० मापं तेल आठवा.

आणि मूर्खाला उत्तर द्यायचं की नाही? ते त्या दिवशी, त्या माणसासमोर उभं राहून ठरवावं लागेल. शास्त्रानं दोन्ही वचनं हातात दिली आहेत आणि निवडीची जबाबदारी आपल्यावर टाकली आहे. याकोब पहिल्याच अध्यायात सांगतो की ज्याला शहाणपण उणं आहे त्यानं देवाकडे मागावं, तो न रागावता देतो.

प्रार्थना : हे प्रभू, तुझं वचन वाचताना आम्हाला खरेपणा दे. जे समजत नाही ते समजल्याचं सोंग आमच्याकडून होऊ देऊ नकोस. तुझं वचन कोणाच्या जखमेवर घाव घालायला आमच्या हातून वापरलं जाऊ नये. ज्या आईबापांना चुकीच्या वेळी चुकीचं वचन ऐकवलं गेलं, त्यांच्या मनावरचं ओझं तू उतरव. बोलावं कधी आणि गप्प राहावं कधी, ते आम्हाला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.